पान्हा लावू नका

मी तेहतीस वर्षं नोकरी केली आणि मी नेमकं काय करत होते हे माझ्या सख्ख्या नणंदेला अजून सांगता येत नाही. "आमची वहिनी पाइपांच्या कंपनीत होती," असं ती पाहुण्यांना सांगते. मी आयुष्यात एकही पाइप केलेला नाही. पाइप जिथे संपतो आणि वॉल (म्हणजे व्हॉल्व्ह), टाकी किंवा पंप जिथे सुरू होतो, तिथे मध्ये एक चार बोटांचा तुकडा असतो. कुणाच्या लक्षातही येत नाही असा. तो तुकडा मी करत होते. आम्ही त्याला कनेक्टर म्हणायचो, गिऱ्हाईक जोड म्हणतं, आणि गळायला लागला की त्याला काय काय म्हणतात ते दिवाळी अंकात लिहिण्यासारखं नाही.

नाशिकच्या अंबडला आमचा कारखाना. फार मोठा नाही. पुढे ऑफिस, मागे प्लॅस्टिक मोल्डिंगची मशिनं आणि एका कोपऱ्यात माझं टेबल. टेबलाशेजारी पाण्याचा टब. नवा जोड तयार झाला की त्यात हवा भरायची, टबात बुडवायचा आणि बुडबुडा येतो का ते बघत बसायचं. त्या टबाला कारखान्यात सगळे 'मॅडमचं तीर्थ' म्हणायचे. बुडबुड्याची वाट बघण्यात माझं किती आयुष्य गेलं याचा हिशेब न केलेला बरा.

या धंद्यात गुपित असं काही नाही. दोन वस्तू एकमेकींना कितीही घट्ट लावल्या तरी मध्ये फट राहतेच. ती आपल्याला दिसत नाही, पाण्याला दिसते. म्हणून मध्ये काहीतरी मऊ घालावं लागतं, बहुतेक वेळा रबराची रिंग. ती रिंग थोडी दाबली गेली की फट भरते. थोडी. इथेच घोडं पेंड खातं. थोडी दाबलेली रिंग पाणी अडवते. चेचलेली रिंग फाटते, सरकते आणि गळते. म्हणजे जोड जास्त आवळला तर जास्त गळतो. हे मी प्लंबरना, ठेकेदारांना, शेतकऱ्यांना, आमच्याच सेल्सच्या लोकांना आणि घरी नवऱ्याला सांगून सांगून थकले. सगळे मान हलवतात. "बरोबर आहे मॅडम," म्हणतात. आणि मग पान्हा घेऊन शेवटचा एक पीळ देतातच. "असू द्या, जरा सेफ."

एका ठेकेदाराने एका अख्ख्या इमारतीला आमचे जोड लावले आणि सगळे गळतात म्हणून येऊन टेबलावर हात आपटला. मी त्याने आणलेला एक जोड उघडला. आत रिंगच नव्हती. दुसरा उघडला, त्यातही नाही. "ती काळी रिंग होय?" तो म्हणाला, "ती पॅकिंगची असेल म्हणून काढून टाकली. स्वच्छ करूनच बसवलेत सगळे." बँकेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ तर गच्चीवरच्या टाकीचा जोड सायकलच्या ट्यूबच्या पट्टीने बांधलेला, तसाच पट्टीसकट घेऊन आले आणि म्हणाले, "माल उत्तम आहे हो तुमचा. फक्त ट्यूब लागते." ते तक्रार करायला आले नव्हते. कौतुक करायला आले होते!

सायकलची ट्यूब ही माझी आयुष्यभराची सवत. मी महिनोन्‌महिने डोकं शिणवून काहीतरी करायचं आणि लोकांनी त्यावर ट्यूबची पट्टी गुंडाळायची.

पण मला सांगायचं आहे ते केदा आप्पांविषयी. केदा आप्पा सटाण्याच्या बाजूचे द्राक्ष बागाईतदार. बाग मोठी, घर भरलेलं, मुलगा हाताशी. साठी उलटलेली, डोक्यावर पांढरी टोपी आणि आवाज असा की ते गेटवर वॉचमनशी बोलत असले तरी मला आत ऐकू यायचं. नाशिकला त्यांचं काही ना काही काम निघायचं, आणि नाशिकला आले की वाट वाकडी करून अंबडला यायचे आणि माझ्यासमोर एक पिशवी ठेवायचे. पिशवीत जोड.

"ताई, हाई गळस."

हाच आमचा रामराम होता.

आप्पांचा जोड फवारणीच्या टाकीचा. द्राक्षबागेत ट्रॅक्टरमागे एक मोठी टाकी ओढत नेतात. तिच्यात पाण्यात कालवलेलं औषध असतं. औषध म्हणायचं, आहे ते विषच. टाकीच्या बुडाशी वॉल, वॉलला जोड, जोडाला नळी. नळीतून औषध पंपाकडे जातं आणि तिथून पंख्याच्या झोताने वेलींवर. जोडाच्या आत एक जाळी असते. भुकटीचं औषध नीट विरघळत नाही, जाळी तुंबते, आणि मग टाकी भरलेली असतानाच जोड उघडून ती धुवावी लागते. घरातल्या नळाचा जोड एकदा बसवला की वर्षानुवर्षं त्याला कुणी हात लावत नाही. हा जोड मात्र दिवसभर उघडायचा आणि लावायचा. आणि दर वेळी आतली रिंग चिखलात पडणार.

त्या दिवशी आप्पांनी आणलेल्या जोडाला उभी चीर गेली होती. अंगावर पान्ह्याच्या दातांचे व्रण, कुत्र्याने चावल्यासारखे.

"आप्पा, पान्हा लावलात?"

"लावा. पान्हा लावाबिगर कसं घट्ट व्हई?" आप्पांच्या अहिराणीत 'लावा' म्हणजे 'लावला'.

"हाताने लावायचा असतो. कितीदा सांगितलं."

"हातनं लावा, गळना. मंग पान्हा लावा."

"पान्हा लावला म्हणून तर फुटला!"

"फुटाना आगोदर गळत व्हता ना!"

या माणसाशी टेबलाच्या दोन बाजूंना बसून बोलण्यात अर्थ नाही, हे माझ्या लक्षात आलं. मी बाग बघायला जायचं ठरवलं. आमचे मालक विलासभाऊ मला सोडायला तयार नव्हते. लेथवर उभं राहून राहून त्यांनी कारखाना उभा केलेला. कारखान्याच्या बाहेर काही शिकण्यासारखं असतं यावर त्यांचा विश्वास नव्हता. "मॅडम, जोड इथे बनतो. तिथे काय बघणार? बुडबुडा सगळीकडे सारखाच," म्हणाले. मी रजा टाकून गेले.

बागेत पोचले तेव्हा फवारणी चालू होती. आप्पांचा मुलगा ट्रॅक्टरवर होता आणि टाकीखाली उकिडवी बसून जोड उघडत होती ती आप्पांची सून, सुरेखा. आप्पांचे गुडघे वाकत नाहीत, ते बांधावर उभे. म्हणजे इतके दिवस ज्या जोडावरून आप्पा आणि मी भांडत होतो, तो उघडायचं काम तिसऱ्याच माणसाचं होतं आणि ते माणूस कधी अंबडला आलंच नव्हतं. एका शब्दाने आप्पांनी हे सांगितलं नव्हतं.

सुरेखा देवळ्याकडची, बारावी झालेली. तोंडाला ओढणी बांधलेली. तिने टाकीचा वॉल बंद केला, जोड फिरवला, आणि नळीत उरलेलं औषध तिच्या मनगटावरून कोपरापर्यंत ओघळलं. ती थांबली नाही. जाळी बादलीत धुतली, चिखलातून रिंग उचलली, ओढणीच्या टोकाला पुसली आणि जोड पुन्हा लावला.

"हातमोजे नाहीत का गं?"

"आहेत ना ताई. पण ते घातले की जोड फिरतच नाही. सटकतो." तिने हात पुढे केले. बोटांची कातडी पांढरी पडून सोलवटली होती, नखांच्या कडा पिवळ्या. "फवारणी चालू असली की सासूबाई मला पिठाला हात लावू देत नाहीत," ती हसून म्हणाली. "तेवढाच आराम."

मला हसू आलं नाही. मला सगळ्यांचा राग आला. बांधावर उभ्या आप्पांचा, ट्रॅक्टरवरून न उतरणाऱ्या त्या नवऱ्याचा, औषधाच्या डब्यावर मुंगीएवढ्या अक्षरांत 'त्वचेशी संपर्क टाळा' असं छापणाऱ्यांचा. कसा टाळायचा तेही छापा की!

परत येताना एसटीत मी तोच विचार करत होते. हा जोड लावलेला असताना एक थेंब गळत नसता तरी सुरेखाचा हात भिजलाच असता, कारण तो उघडावाच लागत होता. म्हणजे नुसता न गळणारा जोड पुरेसा नव्हता. सुटला की ज्याची तोंडं आपोआप मिटतील असा हवा होता. आणि हातमोजे घालून लावता येईल असा.

तो करायला मला एक अख्खा पावसाळा लागला. साधी वस्तू करणं किती कटकटीचं असतं ते कुणाला सांगून खरं वाटत नाही. पहिल्या आराखड्यात इतके भाग होते की ते जुळवायला घड्याळजी बोलवावा लागला असता. ते एकेक करून काढत गेले. शेवटी जे उरलं त्याला आटे नव्हते. आटे नाहीत, म्हणजे आवळणं नाही. पिनांचा बल्ब होल्डरमध्ये बसवायचो ना, तसं नळीचं तोंड टाकीच्या तोंडात घालायचं आणि पाव वेढा फिरवायचं. टक्‌ आवाज आला की बसला. त्याच फिरवण्यात आतला वॉल उघडतो, आणि उलटं फिरवलं की जोड सुटण्याआधी वॉल मिटतो. जोड पूर्ण बसल्याशिवाय टाकीतून औषध बाहेर येऊच शकत नाही. नळीच्या बाजूला एक झडप, ती नळीतलं उरलेलं आत अडवते. रिंगची खाच तोंडाशी अरुंद, पोटाशी रुंद. टोकदार काहीतरी घालून मुद्दाम उपटल्याशिवाय रिंग पडणार नाही. आणि बाहेरून अंग गोल, हातमोज्यातली बोटं बसतील अशा खोलगट खाचांचं. पान्ह्याला धरायला कुठे जागाच ठेवली नाही.

टबात बुडबुडा आला नाही. उघडून लावून, उघडून लावून माझे हात दुखले, तरी आला नाही. मी तो विलासभाऊंच्या हातात ठेवला. त्यांनी तळहातावर वरखाली करून पाहिला.

"हलका आहे."

"हो."

"षटकोनी नाही?"

"नाही. मुद्दाम नाही."

"मॅडम, घाम आल्याशिवाय शेतकऱ्याला घट्ट झाल्यासारखं वाटत नाही. षटकोनी द्या."

"षटकोनी दिला की पान्हा येणार, भाऊ."

"नाही दिला तरी येणार."

शेवटी तह झाला. रंग त्यांच्या आवडीचा, लालभडक. आकार माझा. आणि अंगावर उठावाच्या अक्षरांत मी घालून घेतलं, 'पान्हा लावू नका'. सेल्सवाले म्हणाले, इंग्रजीत घाला, एक्स्पोर्टचा वाटेल. मी म्हटलं, ज्याच्या हातात पान्हा आहे त्याला वाचता आलं पाहिजे.

पहिल्या नगांतला एक मी आप्पांना दिला. टेबलावर लावून दाखवला, काढून दाखवला, परत लावून दाखवला. "टक्‌ आवाज आला की थांबायचं, आप्पा. पुढे फिरवायचा नाही. आला ना आवाज?"

"उना, उना," आप्पा म्हणाले.

काही दिवसांनी पुन्हा ती पिशवी माझ्या टेबलावर. लाल जोडाची, पाव वेढ्यावर फिरणं थांबवणारी आतली अडण तुटलेली, आणि 'पान्हा लावू नका' या अक्षरांवरून पान्ह्याचे दात गेलेले. नेमके अक्षरांवरून! मी डोळे मिटून घेतले.

"हाई तर अर्धामाच अडकस," आप्पा म्हणाले. "फिरतंच नही."

"अडकत नाही, आप्पा. तो तेवढाच फिरतो. तसाच केलाय तो."

"इतलासाच? इतलामा कसं घट्ट व्हई?"

माझा आवाज चढला. मोल्डिंगची मशिनं चालू असतानाही अख्ख्या कारखान्याला ऐकू गेला म्हणतात. मी म्हटलं, तुमच्या सुनेच्या हाताची सालं निघतात ती बघा आधी, आणि पान्हा विहिरीत टाका. आप्पा शांतपणे ऐकून घेत होते. सुनेचं नाव निघाल्यावर मात्र त्यांचा चेहरा बदलला. मी दुसरा नवा नग काढून त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी तो बोटाने माझ्याकडे सरकवला.

"ऱ्हाऊ द्या तुमनं खेळणं," म्हणाले, आणि चहा न घेता निघून गेले.

त्यानंतर आप्पा आले नाहीत. मलाही बरंच वाटलं, खोटं कशाला सांगू. आणि मग एका दुपारी त्यांच्या मुलाचा फोन आला. आदल्या दिवशी सुरेखाच्या डोळ्यांत औषध गेलं होतं. आप्पांनी टाकीला पुन्हा बाजारातला जुना जोड लावला होता. त्याचे आटे झिजलेले, म्हणून वरून ट्यूबची पट्टी बांधलेली. सुरेखाने जाळी धुतली, जोड लावला, वॉल उघडला, आणि भरल्या टाकीच्या वजनाने जोड निसटून सगळी धार समोर वाकलेल्या तिच्या तोंडावर आली. नवऱ्याने ट्रॅक्टरवरून उडी मारून तिला शेजारच्या पाण्याच्या पाइपाखाली धरलं आणि तसंच सटाण्याला दवाखान्यात नेलं. "ताई, तो लाल जोड आहे का अजून?" त्याने विचारलं. "आता दुसरा कुठला लावायची छाती होत नाही."

मी दोन जोड पर्समध्ये टाकले आणि सटाण्याची एसटी धरली. वाटेत आप्पांना काय काय बोलायचं ते ठरवत होते. इतकी छान वाक्यं मला आयुष्यात कधी सुचली नव्हती. एकही वाया घालवायचं नाही असं ठरवून मी दवाखान्याच्या पायऱ्या चढले.

आप्पा बाहेरच्या बाकावर बसले होते. टोपी मांडीवर. मला बघून उठायला लागले, मी बसवलं. ते म्हणाले,

"ट्यूब जुनी व्हती, ताई. नवी बांधाले पायजे व्हती."

 एसटीत ठरवलेलं एकूण एक वाक्य वाया गेलं. सून आत डोळ्यांवर पट्ट्या बांधून पडलेली आणि या माणसाला ट्यूब नवी हवी होती!

तेवढ्यात नर्स दारात आली. "सुरेखाचे सासरे कोण?" आप्पा समोरच्या भिंतीकडे बघत राहिले. "बाबा, तुम्ही का? ओ बाबा!" तरी ते तसेच. मला वाटलं, धक्का बसलाय. मी त्यांच्या खांद्याला हात लावला तसे ते दचकून वळले. नर्सने औषधाची चिठ्ठी दिली, आतून आलेला त्यांचा मुलगा ती घेऊन खाली गेला. मी बाकावर बसले आणि साध्या आवाजात विचारलं, "आप्पा, चहा आणू का?"

आप्पा भिंतीकडे बघत होते.

"आप्पा!" मी ओरडले. "तुम्हाला ऐकू येत नाही का?"

"येस ना," आप्पा म्हणाले. "तुमनं बठ्ठं येस. तुमी जोरमा बोलतस, मंग मले समजस."

"आणि जोडाचा आवाज? टक्‌?"

"कसाना आवाज?"

"मी टेबलावर दाखवला तेव्हा 'उना, उना' म्हणालात!"

"तुमी इतलं दखाडी राहिनात," आप्पा ओशाळून म्हणाले, "नही कसं म्हनू?"

दवाखान्याच्या त्या व्हरांड्यात मी कपाळाला हात लावून बसले. या माणसाने सगळं आयुष्य आट्यांचे जोड लावले होते, पाच-सहा वेढ्यांचे. पाव वेढ्यात अडलेला जोड त्यांच्या लेखी अडकलेला जोड होता, आणि तो अडकलेला नाही हे सांगणारी एकच खूण मी ठेवली होती, ती त्यांना ऐकूच येत नव्हती. आणि एवढी वर्षं मी त्यांच्यावर चिडून ओरडत होते म्हणूनच त्यांना माझं बोलणं कळत होतं. मी जरा सभ्यपणे बोलले असते तर आमचा संवाद केव्हाच संपला असता.

"ऐकू येत नाही हे सांगायला काय झालं होतं तुम्हाला?"

"असं कोनी सांगस का, ताई?" आप्पा म्हणाले. आणि मग टोपी तोंडाला लावून रडायला लागले. मोठ्याने, त्यांच्या नेहमीच्या आवाजात. सगळा व्हरांडा वळून बघायला लागला.

मी आत गेले. सुरेखा जागी होती. डॉक्टरांनी सांगितलं होतं की लगेच पाण्याखाली धरलं म्हणून नजर वाचली. आग काही दिवस राहील. मी हात हातात घेतल्यावर तिने ओळखलं. "ताई, आप्पांना काही बोलू नका," म्हणाली. "कालपासून जेवले नाहीत ते."

मी कुठे बोलले होते? मला बोलू कुणी दिलं होतं!

दुसऱ्या दिवशी मी विलासभाऊंना सगळं सांगितलं. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "तो आपला जोड नव्हता ना? मग झालं तर."

"आपला नव्हता म्हणूनच झालं, भाऊ."

 मी कागद पुढे ठेवला. दोन्ही तुकड्यांवर एकेक उंचवटा. जोड पूर्ण बसला की दोन्ही एका रेषेत येतात. अंगठा फिरवला तर एकच सलग कणा लागतो. डोळ्यांना दिसतं, हातमोज्यातून समजतं, कानाची गरज नाही. तसंही ट्रॅक्टरच्या धडधडीत माझ्या टकटकीचा आवाज कुणाला येणार होता? आतली अडणही जाड केली होती. पण यासाठी तयार साच्याला पुन्हा हात लावायचा, आणि ते म्हटलं की कुठलाही कारखानदार आधी खर्च मोजायला लागतो. विलासभाऊ कागद घेऊन निघून गेले. संध्याकाळी मी मागे गेले तर साचा उतरवलेला होता आणि ते स्वतः मशिनवर उभे राहून त्यात उंचवट्यांच्या खाचा पाडत होते. "लांबून बघा," ते माझ्यावर खेकसले. "डोळ्यांत जाईल."

लाल जोड चालला. खूप नाही, पण चालला. वर्षभराच्या आत आमच्या मागच्याच गल्लीतल्या एकाने त्याची नक्कल बाजारात आणली. मी कुतूहलाने एक विकत घेऊन उघडला. आतला वॉल गायब. झडप गायब. साधे आटे. उंचवटे होते, पण ते कुठेच जुळत नव्हते, नुसती नक्षी. बाहेरून अंग षटकोनी, कारण म्हणे गिऱ्हाइकांची तशी मागणी आहे. आणि त्या षटकोनावर, पान्हा जिथे बसतो बरोबर तिथे, माझ्याच अक्षरांत लिहिलेलं होतं, 'पान्हा लावू नका'. मी तो जोड विलासभाऊंना नेऊन दाखवला. ते इतके हसले की त्यांना पाणी द्यावं लागलं. मला अजूनही त्यात हसण्यासारखं काय आहे ते कळलेलं नाही.

मी निवृत्त झाले. गेल्या फवारणीच्या दिवसांत आप्पांच्या घरून जेवणाचं बोलावणं आलं. आप्पा आता बागेत फारसे जात नाहीत. मुलाने त्यांना कानाचं मशीन आणून दिलंय, ते कपाटात असतं. घातलं की घरातले फार बोलतात असं त्यांचं म्हणणं.

जेवायला वेळ होता म्हणून मी बागेत गेले. सुरेखा टाकीपाशी होती. माझ्याशी बोलता बोलता तिने हातमोज्यातल्या हाताने जोड फिरवला, सोडवला, जाळी धुतली, परत लावला, अंगठा फिरवला आणि उठली. मोजे कोरडे. खालची मातीही कोरडी. हे सगळं करताना ती मला शाळेच्या गाडीबद्दल सांगत होती. गाडी वेळेवर येत नाही, ड्रायव्हर वळणावरच हॉर्न वाजवून निघून जातो, पोरं धावतात, काल धाकटी पडली. उद्या ती स्वतः शाळेत जाऊन मुख्याध्यापकांना विचारणार होती. पुन्हा टाकी भरली, पुन्हा जाळी धुतली. गाडीचा विषय संपला, मग व्यापाऱ्याचा निघाला, मग जावेच्या बाळंतपणाचा. मी वाट बघत होते. एक शब्द तरी बोलेल. निदान 'बरा आहे' तरी म्हणेल.

शेवटी माझ्याने राहवेना.

"जोड कसा आहे गं?"

"कुठला जोड?"

"अगं, टाकीचा. तुझ्या हातात होता तो."

तिने वळून टाकीच्या बुडाशी पाहिलं. तो तुकडा तिथे आहे हे तिला आत्ताच कुणीतरी दाखवलं असावं, तसं.

"तो होय," सुरेखा म्हणाली. "त्याला काय झालंय?"

"काही नाही," मी म्हटलं. "काहीच झालेलं नाही."